मामांचा मंडप आणि पाच वाजताचं ऊन

५ डिसेंबर

मामा,

पत्र हाताने लिहितेय, शाईच्या पेनाने आणि खाडाखोड न करता, म्हणजे तुमची पहिली अट पूर्ण झाली. फोन करून विचारलं असतं तर तुम्ही "कागदावर पाठव" म्हणून ठेवून दिला असता हे मला माहीत आहे. आई म्हणाली, तुझ्या मामाला देव जरी भेटला तरी तो आधी त्याचं अक्षर बघेल.

तर विषय असा. आमच्या कॉलेजात मार्चमध्ये आर्किटेक्चरचा महोत्सव आहे. तीन दिवस, पंधरा कॉलेजांचे विद्यार्थी आणि शहरातले झाडून सगळे आर्किटेक्ट. शेवटच्या वर्षाची म्हणून विद्यार्थी-प्रमुखपदाची माळ माझ्या गळ्यात पडली आहे. गेले काही आठवडे आमच्या फक्त बैठका चालल्या आहेत. महोत्सवाला नाव काय द्यायचं यावर पाच बैठका झाल्या. "अवकाश" शब्द हवा यावर एकमत आहे, भांडण त्याच्या पुढचं आहे. निम्म्यांना "अवकाशाशी संवाद" हवं आहे, निम्म्यांना "अवकाशाचं मौन". शेवटी आमच्या विभागप्रमुखांनी "अवकाश : संवाद की मौन" असं ठरवून टाकलं आणि चहा मागवला.

विभागप्रमुखांना आम्ही कंटूर सर म्हणतो. कंटूर म्हणजे नकाशावर डोंगराची उंची दाखवणाऱ्या गोल गोल रेषा. सरांनी शर्ट खोचला की त्या पोटावर आपोआप दिसतात. माणूस वाईट नाही, पण एकदा सही केली की सूर्य इकडचा तिकडे झाला तरी सही मागे घेत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. उद्घाटनाला तुम्ही यावं अशी आमची इच्छा आहे. समितीत तुमचं नाव एकमताने ठरलं. कार्यक्रम संध्याकाळी पाचला आहे.

नाही म्हणू नका. मामीला घेऊन या.

तुमची,
अजूनही वाकडी रेघ काढणारी भाची


१४ डिसेंबर

ठमे,

तुझं अक्षर सुधारलं आहे. मात्र "संध्याकाळी" मधला "ध्य" अजून पडायला आल्यासारखा दिसतो, त्याला टेकू दे.

माझ्याकडे सध्या कामाचा डोंगर आहे. दोन मोठी संकुलं, एक वाचनालय, शिवाय परदेशातून एक विचारणा. टेबलावर कोपर ठेवायला जागा नाही. पण भाचीने बोलावलं आणि मामा आला नाही असं व्हायला नको. येतो. अटी पुढीलप्रमाणे.

हार नको, गुच्छ नको, स्मृतिचिन्ह तर नकोच. माझ्याकडे एवढी स्मृतिचिन्हं साठली आहेत की तुझी मामी त्यांनी दारं अडवून ठेवते. परिचय करून देणाऱ्याने मला "दिग्गज" म्हणू नये. आणि मुख्य अट म्हणजे मी कापडी मंडपात बसणार नाही. आर्किटेक्टांचा महोत्सव आणि मंडप लग्नाच्या कंत्राटदाराचा, ही लाज मला सोसवणार नाही. मंडप मी कागदावर काढून देतो, तुम्ही मुलांनी तो स्वतःच्या हातांनी बांधा. त्यातून तुम्ही जे शिकाल ते तुमच्या कंटूर सरांच्या सगळ्या भाषणांतून शिकणार नाही.

मैदानाचा प्लॅन पाठव. मी स्वतः येऊन जागा बघितली असती, पण वर सांगितलेला डोंगर आहे. शिवाय ज्याला प्लॅन वाचता येतो त्याला जागेवर जायची गरज पडत नाही. चौथीत असताना तू आपल्या घराचं चित्र काढून मला दाखवलं होतंस, आठवतं? घर, झाड, मांजर, सगळं होतं, फक्त उत्तर दिशेचा बाण नव्हता. मी तुझा कान धरून सांगितलं होतं की ज्या कागदावर उत्तर दिशा नाही तो प्लॅन नव्हे, रद्दी. तो कान आजही तुझ्या उपयोगी पडतोय.

एकमताने ठरलं हे वाचून बरं वाटलं. मला आश्चर्य वाटलं नाही, पण बरं वाटलं.

मामा


२३ डिसेंबर

मामा,

तुमच्या सगळ्या अटी समितीने मान्य केल्या. "मंडप ते स्वतः काढून देणार" हे ऐकल्यावर कंटूर सर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, कारण मंडपाचं भाडं वाचलं.

प्लॅन सोबत जोडला आहे. गेट कागदाच्या खालच्या बाजूला आहे, रस्ता उजवीकडे, आणि डावीकडे वर्कशॉपची मागची भिंत. कोपऱ्यात जो भलामोठा शिक्का दिसतोय तो आमच्या प्रायोजकांचा, म्हणजे टाइल्स आणि कमोड बनवणाऱ्या कंपनीचा. त्यांची अट अशी की महोत्सवाच्या प्रत्येक कागदावर त्यांचं चिन्ह हवं. हजेरीपटावरही आहे. ते सगळीकडे चिकटवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी दिवसभर शेणी थापाव्यात तशी चिन्हं थापत होते.

बाकी तयारी जोरात आहे. बांबूच्या कार्यशाळेला जे तज्ज्ञ येणार आहेत त्यांनी बांबूवर तीन पुस्तकं लिहिली आहेत. बांबू बांधायला मात्र दुसरा कुणीतरी आणा, असं त्यांनी कळवलं. "सर्वांसाठी खुली वास्तू" या चर्चासत्राचं सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. मी हे बैठकीत म्हटलं तर एक जण म्हणाला, तोच तर चर्चेचा मुद्दा होईल.

मंडपाची वाट बघतोय.

भाची


२० जानेवारी

ठमे,

सोबतची गुंडाळी सपाट टेबलावर उघड. आधी हात धू.

मी एकच भिंत काढली आहे. जरा वाकलेली, दोन पुरुष उंच. तिच्याकडे पाठ करून पाहुणे बसतील आणि समोर पायऱ्यांवर प्रेक्षक. भिंत बरोबर पश्चिमेला आहे. पाच वाजता सूर्य तिच्या मागे जाईल आणि तिची सावली आधी पाहुण्यांवर, मग हळूहळू प्रेक्षकांवर पसरेल. भिंतीत मधोमध एक उभी फट ठेवली आहे. तिच्यातून उन्हाची एकच रेघ येऊन बोलणाऱ्याच्या पायाशी पडेल. भाषण लांबलं की रेघ सरकेल, म्हणजे वक्त्याला घड्याळ दाखवायची गरज नाही. छप्पर नाही. सावली हेच छप्पर. नाव "छाया".

भिंतीला साधा चुन्याचा गिलावा हवा, खरखरीत. चकाकणारं काहीही लावू नका.

खरं सांगतो, बऱ्याच दिवसांनी एक गोष्ट मनासारखी उतरली आहे. रेघ न रेघ मी स्वतः ओढली. ऑफिसातल्या पोरांना हात लावू दिला नाही. ती सगळी वाचनालयात गुंतली आहेत.

बांधताना माझी आठवण ठेव. आणि एक इंचही इकडेतिकडे करू नकोस.

मामा


४ फेब्रुवारी

मामा,

ड्रॉइंग बघून सगळे गप्प झाले. आमच्या कॉलेजात असं कधी होत नाही. इथे लोक वडाचं झाड बघूनही त्यातल्या "स्पेस"बद्दल बोलतात. पण "छाया" बघून कुणी काही बोललं नाही. 

काल आम्ही मैदानात चुन्याची फक्की टाकून आखणी केली. आखून झाल्यावर मी पाहुण्यांच्या जागी जाऊन उभी राहिले, सहज. संध्याकाळची वेळ होती.

मामा, एक शंका आहे. मी चुकत असेन. पण तिथे उभं राहिल्यावर ऊन सरळ माझ्या डोळ्यांत येत होतं. भिंत झाली तरी ते थांबेल असं वाटत नाही, कारण ऊन भिंतीच्या बाजूने नाही, समोरून येतं. तुम्ही एकदा प्लॅन परत बघाल का? अगदीच गरज पडली तर सगळं फिरवून, म्हणजे भिंत रस्त्याच्या बाजूला घेऊन, बांधता येईल. तुमचं एका ओळीचं पत्र आलं तरी मी कंटूर सरांना दाखवीन.

रागावू नका. तुम्हीच सांगता, शंका आली की विचारावी.

भाची


१२ फेब्रुवारी

ठमे,

शंका विचारावी हे मी सांगतो, शहाणपणा करावा हे नाही.

ऊन कुठून येतं हा पहिल्या वर्षाचा प्रश्न आहे. ऊन कुठे जातं हा आर्किटेक्टचा प्रश्न. तू फेब्रुवारीत उभी राहिलीस, महोत्सव मार्चमध्ये आहे. तू उघड्या मैदानात उभी राहिलीस, तिथे अजून भिंत नाही. भिंत नसताना सावली शोधणं म्हणजे स्वयंपाक व्हायच्या आधी ताट चाटणं. सूर्य पश्चिमेला मावळतो ही बातमी माझ्यापर्यंत बऱ्याच वर्षांपूर्वी पोचली आहे.

ही शंका तुझी नाही, हे मला कळतं. तुमच्या त्या पोटावर रेषा असलेल्या गृहस्थांनी तुझ्या तोंडून वदवली आहे. त्यांना सांग, ज्यांनी आयुष्यात सायकल स्टँडशिवाय काही उभारलं नाही त्यांनी मला दिशा शिकवू नयेत. एक रेघ जरी बदलली तरी मी येणार नाही. मग बोलवा लग्नाचा मंडपवाला आणि त्यालाच उद्घाटक करा.

मामा


१३ फेब्रुवारी

बाळा,

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. स्टुलावर बसून, ओट्यावर कागद ठेवून, कारण जेवणाच्या टेबलावर अजून तुमच्या मंडपाच्या ड्रॉइंगची कच्ची प्रत पसरलेली आहे. महिना झाला, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

तुझं पत्र आल्यापासून तुझे मामा नीट जेवलेले नाहीत. ठमीला माझ्यावर भरवसा नाही, असं दोनदा म्हणाले. तू मोठी झालीस म्हणून तुला सांगते, आईला बोलू नकोस. संकुल नाही, वाचनालय नाही, परदेशातली विचारणाही नाही. ऑफिसातली पोरं केव्हाच सोडून गेली. हे रोज सकाळी कपडे करून तिथे जातात, पेन्सिलींना टोकं काढतात आणि संध्याकाळी घरी येतात. किती वर्षांत ह्यांचं काही उभं राहिलेलं नाही. स्पर्धांना पाठवतात आणि साभार परत येतं. झाकली मूठ आहे ती झाकलेलीच बरी, म्हणून मीही लोकांसमोर "ह्यांना वेळच नसतो" म्हणते.

तू "एकमताने" लिहिलंस ना, ते पत्र ह्यांच्या खिशात असतं. दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं.

म्हणून हात जोडून सांगते, ती भिंत त्यांनी काढली तशीच उभी राहू दे. ऊन लागलं तर लागेल. दोन तासांनी सूर्य काय कुणाची वाट बघत थांबतो? काही खरंच चुकलं असेल तर मला सांग, मी बघते.

मामी


२१ फेब्रुवारी

मामी,

तुझं पत्र हॉस्टेलच्या जिन्यात बसून वाचलं. आता तुला खरं सांगते, आणि पत्र वाचून फाडून टाक.

एकमताने वगैरे काही नव्हतं. मामा चौथे. पहिले परदेशात होते. दुसऱ्यांनी स्वतःचं आणि कुत्र्याचं विमानाचं तिकीट मागितलं. तिसऱ्यांना पत्र गेलं तेव्हा त्यांच्या सुनेने कळवलं की ते जाऊन दोन वर्षं झाली. मग मी हात वर केला.

दुसरं त्याहून वाईट. आमच्या कॉलेजच्या प्लॅनमध्ये उत्तर दिशा खाली असते, कारण गेट उत्तरेला आहे. कंटूर सरांना गेट कागदाच्या खाली लागतं, नाहीतर त्यांना आत शिरल्यासारखं वाटत नाही. उत्तरेचा बाण कोपऱ्यात होता, आणि त्या कोपऱ्यावर मी टाइल्स कंपनीचं चिन्ह चिकटवलं. मामांनी बाण नाही म्हणून विचारायला हवं होतं. त्यांनी नेहमीसारखी उत्तर दिशा वर धरली आणि मोकळे झाले. त्यामुळे भिंत पूर्वेला गेली आणि पाहुण्यांचं तोंड पश्चिमेला. शंका विचारताना मी चिन्हाचं लिहिलं नाही, कारण मला कानाची भीती वाटली. बघ, एवढी घोडी झाले तरी.

मी गप्प बसले नाही. कंटूर सरांकडे गेले, मैदानात नेऊन त्यांना ऊन दाखवलं. ते डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "ऊन आहे खरं, पण ड्रॉइंगवर माझी सही आहे." मग टाइल्सवाल्यांकडे गेले. ते म्हणाले, भिंत फिरवली तर तिचा चेहरा वर्कशॉपकडे जाईल, मग रस्त्यावरच्या लोकांना आमच्या टाइल्स दिसणार कशा? हो, टाइल्स. चुन्याचा गिलावा रद्द झाला आहे. भिंतीवर पांढऱ्या, चकचकीत टाइल्स लागणार आहेत. स्वयंपाकघराच्या.

आता भिंत अर्ध्यावर आली आहे. तू म्हणतेस तशीच उभी राहील, माझ्यापुढे दुसरा मार्गच उरलेला नाही. पण मामी, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. एवढं कर, मामांना फिकट कपडे घाल आणि टोपी दे.

भाची


१ मार्च

बाळा,

पत्र फाडलं. सांगायला तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं. नवा कोट शिवलाय त्यांनी, काळा. टोपी घाला म्हटलं तर म्हणाले, सावलीत टोपी कशाला?

मामी


२२ मार्च

ठमे,

पेपर बघितलास? नसशील तर कात्रण सोबत आहे. तिसरा परिच्छेद मी अधोरेखित केला आहे. "सुखासीन वास्तुकलेच्या कानशिलात ही भिंत सणसणीत वाजवते. प्रतिष्ठितांना उन्हात आणि सामान्यांना उन्हाकडे पाठ करून बसवणारी ही रचना म्हणजे अस्वस्थतेचं स्थापत्य होय." हे मी म्हणत नाही, समीक्षक म्हणतो. मी त्याला ओळखतसुद्धा नाही.

मी तिथे जे बोललो ते तू ऐकलंसच. लोक उभे राहिले होते. आधी माझ्या मनात थोडी वेगळी कल्पना होती हे खरं, पण कलाकृती कलावंताच्या पुढे जाते ती अशी. टाइल्सची कल्पना कुणाची होती? सुरुवातीला खटकली, पण समीक्षकाने त्यांना "निर्दय आरसा" म्हटलं आहे, तेव्हा राहू दे.

आता खरी बातमी. प्रेक्षकांत एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होते. त्यांना शाळेची नवी इमारत बांधायची आहे आणि हीच भिंत त्यांना शाळेच्या पटांगणात हवी आहे, अशीच, पश्चिमेकडे तोंड करून. तिच्या पायथ्याशी लांब पायरी असेल. दुपारी शाळा सुटली की मुलं बसची वाट बघत त्या पायरीवर बसतील. अध्यक्ष म्हणाले, मुलांना लहानपणीच उन्हाचा संस्कार झाला पाहिजे. दृष्टी असलेला माणूस आहे.

तुझी परीक्षा झाली की जूनपासून ये माझ्याकडे. मी सांगितलं ते इंचाचाही फरक न करता उभं केलंस, असा माणूस मला हवाच होता. टेबल पुसून ठेवलं आहे.

मामा


३१ मार्च

मामा,

तुम्ही तिथे काय बोललात ते मी ऐकलं. त्याच्या आधी काय झालं तेही बघितलं. तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मी लिहिते.

तुम्ही व्यासपीठावर चढलात तेव्हा पहिल्यांदा खाली बघितलंत, पायाशी. उन्हाची रेघ शोधत होतात. ती नव्हती. फटीतून मागच्या वर्कशॉपची भिंत दिसत होती आणि तिच्यावर वाळत घातलेला कुणाचा तरी टॉवेल. मग तुम्ही वर बघितलंत आणि सूर्य समोर होता. शेजारी कंटूर सर रुमालाने कंटूर पुसत होते. समोरून ऊन, मागून टाइल्सची झळ, मधे सहा प्रतिष्ठित पापडासारखे भाजत होते. तुमच्या काळ्या कोटातून वाफ यायची तेवढी बाकी होती. आमची मुलं उन्हाकडे पाठ करून बसली होती, पण टाइल्सच्या चकाकीमुळे सगळ्यांनी गॉगल घातले, आणि तुम्हाला वाटलं की ती तरुणाईची शैली आहे.

तुम्हाला त्या क्षणी सगळं कळलं, मामा. मला तुमचा चेहरा माहीत आहे. तुम्ही ओठ आत घेतलेत, मामीने मीठ विसरल्यावर घेता तसे. मला वाटलं, आता मामा म्हणतील, "चुकलं, उत्तर बघायची राहिली." तेवढं म्हणाला असतात तर त्या पंधरा कॉलेजांच्या मुलांना जन्मभर पुरलं असतं. मीही उठून सांगितलं असतं की बाणावर चिन्ह मी चिकटवलं. हो, मीच. कान तयार आहे. तुम्ही मात्र माईक धरून म्हणालात, "वास्तुविशारदाने स्वतः काढलेल्या उन्हात एकदा तरी बसावं, म्हणून ही भिंत." टाळ्या पडल्या. पडलो तरी नाक वर, याचं एवढं सुंदर प्रात्यक्षिक मी बघितलं नव्हतं.

आणि तुम्हालाच का बोलू, सगळा महोत्सव त्यातलाच. स्वच्छतागृहांच्या पाट्यांवर स्त्री-पुरुषांऐवजी वर्तुळ आणि चौकोन काढले होते. कुणाला काही कळेना. शेवटी एका ज्येष्ठ आर्किटेक्टांनी टाइल्स कंपनीच्या प्रदर्शनातल्या कमोडभोवतीचा पडदा ओढून घेतला. त्याला पाइप जोडलेला नव्हता. कंपनीने त्याचंही "प्रेक्षकांचा सहभाग" असं छापलं.

हे सगळं तीन दिवसांचं होतं. पाहुणे एक संध्याकाळ भाजले आणि घरी जाऊन लिंबूपाणी प्यायले. त्यावर हसता येतं, मीही हसले. पण त्या शाळेच्या पायरीवर मुलं रोज बसतील. दप्तर मांडीवर घेऊन, डोळे बारीक करून, बस येईपर्यंत. त्यांना समीक्षक काय म्हणाला ते माहीत नसेल. त्यांना फक्त ऊन लागेल, आणि ते तुमच्या नावाचं असेल.

मामा, ती भिंत फिरवा. अध्यक्षांना सांगा की चूक झाली होती. काम जाईल कदाचित. मला माहीत आहे ते काम तुमच्यासाठी काय आहे, कसं माहीत आहे ते विचारू नका. पण ती तशी उभी राहिली तर मी तुमच्या टेबलावर बसणार नाही, आणि घर-झाड-मांजर काढणाऱ्या त्या मुलीचा कान तुम्ही उगाच धरलात असं समजेन.

भाची


१८ एप्रिल

बाळा,

पत्र पोचलं. ह्यांनी वाचलं, घडी घातली, आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. रोज संध्याकाळी पाच वाजता जातात आता.  ड्रॉइंग टेबलावरून उचललं आहे, आम्ही नीट बसून जेवतो.

तुझी बाजू मी घेतली असं समज. आणि उलटं समजलीस तरी चालेल, मला दोघं हवे आहात.

मामी


९ जानेवारी

ठमे,

इतक्या महिन्यांत तुला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही उभं राहिलं नव्हतं. काल राहिलं.

तुझं पत्र आलं त्या आठवड्यात मी अध्यक्षांकडे गेलो होतो. काळा कोट न घालता. समोर बसून स्पष्ट सांगितलं, "साहेब, ती भिंत चुकली आहे. मी उत्तर दिशा बघितली नाही. ऊन मला नको होतं, सावली हवी होती." शब्द असेच, एकही वाढवला नाही. अध्यक्षांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "एवढ्या मोठ्या कलावंताची एवढी नम्रता!" आणि भिंत तशीच हवी म्हणून हटून बसले.

मी दुसऱ्यांदा सांगितलं. त्यांनी सेक्रेटरीला बोलावून माझी नम्रता त्यालाही दाखवली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी चहाबरोबर बिस्किटं मागवली. आयुष्यभर मी खोटं बोललो ते लोकांनी खरं मानलं, आणि एकदा खरं बोललो तर ते मोठेपण ठरलं. तुझ्या मामीला घरी येऊन सांगितलं तर ती हसत हसत खुर्चीतून घसरली.

मग मी ठरवलं. काम सोडणार होतो, पण सोडलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तीच भिंत तशीच करून घेतली असती. म्हणून कागद फिरवला. शाळेच्या जागेवर स्वतः गेलो, तीन संध्याकाळी तिथे नुसता बसून राहिलो. भिंत पश्चिमेला घेतली, पायरी तिच्या आतल्या बाजूला. गिलावा चुन्याचा. अध्यक्ष दोनदा बांधकामावर येऊन गेले. वाकलेली भिंत दिसली, फट दिसली, खूश होऊन गेले. त्यांना भिंत हवी होती, ती मिळाली. सूर्य कुठल्या बाजूला आहे हे त्यांनी कधी बघितलंच नाही, जसं मीही बघितलं नव्हतं.

काल उद्घाटन झालं. दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला. अध्यक्षांनी फीत कापली आणि पायरीवर उभे राहून "अस्वस्थतेचं स्थापत्य" या विषयावर मनसोक्त बोलले. मुलांना चटके सोसायला शिकवणारी भिंत, तळपता सूर्य, घामाचे थेंब, सगळं आलं. सबंध भाषण सावलीत झालं. त्यांच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. पाहुणे गार बसून उन्हाला टाळ्या देत होते. तो समीक्षकही होता, मान डोलावत होता. शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "अस्वस्थता अजून सुरू झाली नाही का?" मी म्हटलं, "माझी कधीच झाली."

मग घंटा झाली आणि मुलं सुटली. भाषण त्यांनी ऐकलंच नाही. धावत आली, दप्तरं टाकली आणि पायरीवर बसली. कुणी डोळे बारीक केले नाहीत. फटीतून उन्हाची रेघ आली आणि एक लहान मुलगी तिच्यावर पाय ठेवायला गेली. रेघ सरकली, ती पुन्हा पाय ठेवायला गेली. बस येईपर्यंत तिचं तेच चाललं होतं. मी ते बघत उभा राहिलो आणि तुझ्या मामीने मला रुमाल दिला. घाम पुसायला नव्हता तो.

चिन्ह तू चिकटवलंस, दिशा विचारायला मी विसरलो. तू एका पत्रात सांगायला घाबरलीस, मी माईकवर. हिशेब बघता पिळायला कान माझाच निघतो. मामीने तुझी सगळी पत्रं मला दाखवली आहेत, फाडलेलंसुद्धा, चिकटवून. मी चौथा होतो हे कळलं. तिसरे वारले होते हे वाचून जरा धीर आला.

आता दुसऱ्या एका शाळेचं काम आलं आहे, तिचा प्लॅन सोबत पाठवतोय. त्यावर सगळ्यात आधी मी उत्तरेचा बाण काढला, एवढा मोठा की मामीने विचारलं हा विजेचा खांब आहे का. बाकीचं चूक असेल तर लिहून कळव. टेबल अजून रिकामं आहे. यायचं असेल तर ये, पण मी सांगितलं ते जसंच्या तसं उभं करणारा माणूस मला नको आहे.

मामा